नाणे टाका, नशीब पाहा : जुगारयंत्राचे विज्ञान आणि गणित

रेल्वे स्टेशनच्या फलाटावरचे वजनाचे यंत्र तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी आईवडिलांना विचारावे. माणसापेक्षा उंच असे ते रंगीत यंत्र असे. काचेआड दिवे लुकलुकत आणि एक चकती गरगर फिरत असे. पाटावर स्थिर उभे राहायचे, चकती थांबली की फटीत रुपयाचे नाणे सोडायचे. आत खट्‌ खट्‌ असा आवाज होई आणि जाड कागदाचे एक छोटे तिकीट खाली पडे. त्याच्या एका बाजूला तुमचे वजन आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या भविष्याची एक ओळ!

मी दहा वर्षांचा असताना एकदा हट्टाने दोन रुपये खर्च केले आणि पाटावरून न उतरता लागोपाठ दोन तिकिटे काढली. दोन्हींवर वजन सत्तावीस किलोच होते. पण पहिल्या तिकिटाने माझा स्वभाव शांत ठरवला होता आणि दुसऱ्याने मला रागावर ताबा ठेवण्याचा सल्ला दिला होता! मी गोंधळून वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, “अरे, वजन यंत्राने मोजलंय. भविष्य मोजलेलं नाही, नुसतं छापलंय.”

पुढे पदार्थविज्ञान शिकवताना हे वाक्य मला अनेकदा उपयोगी पडले. आज आपण अशा एका यंत्राची माहिती घेणार आहोत, की ज्यात नाणे टाकल्यावर वजन मिळतच नाही. मिळते ते फक्त ‘भविष्य’. त्याला इंग्रजीत स्लॉट मशीन म्हणतात. स्लॉट म्हणजे नाणे टाकण्याची फट. आपण त्याला जुगारयंत्र म्हणू.

“हे यंत्र परदेशात किंवा फार तर गोव्याच्या कॅसिनोत असते, आम्हांला त्याचे काय?” असे तुम्ही विचाराल. २०२४ सालच्या पावसाळ्यात बारावीचा एक विद्यार्थी मला भेटायला आला, तोवर मलाही तसेच वाटत होते. मुलगा निफाडकडचा, घरी कांद्याची शेती. नाशिकला खोली घेऊन राहत होता. त्याच्या हातात एक वही होती. मोबाइलवर तीन चक्रे फिरवण्याचा पैशांचा खेळ तो तीन आठवडे खेळत होता आणि प्रत्येक फेरीची नोंद त्याने वहीत केली होती. खानावळीसाठी वडिलांनी पाठवलेले चार हजार दोनशे रुपये गेले होते. तो म्हणाला, “सर, गेल्या चाळीस फेऱ्यांत एकदाही मोठं बक्षीस लागलेलं नाही. म्हणजे आता लागायलाच हवं. हिशेब बरोबर आहे ना, एवढं तपासून द्या.”

वही चाळताना मी थक्क झालो. इतक्या नेटक्या नोंदी आमच्या प्रयोगशाळेतल्या वह्यांतही सापडत नाहीत. नोंदी बरोबर होत्या. चूक होती ती निष्कर्षात. ती चूक कोणती, हे कळण्यासाठी आपल्याला यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे.

पहिले यंत्र देवळातले

नाण्यावर चालणारे यंत्र ही आधुनिक कल्पना नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्याने देवळात पवित्र पाणी देणाऱ्या एका यंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. भांड्याच्या आत एक आडवी तरफ असे. तरफेच्या एका टोकाला छोटी तबकडी आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची झडप. भाविकाने फटीतून टाकलेले नाणे तबकडीवर पडले की तिकडची बाजू खाली जाई, झडप उचलली जाई आणि पाणी वाहू लागे. तबकडी कलत गेली की नाणे घसरून खाली पडे, तरफ पूर्ववत होई आणि पाणी बंद! म्हणजे दाम मोजले तेवढेच पाणी. यात फसवणूक नाही आणि नशीबही नाही. पहिल्या वर्गातल्या तरफेचे हे छान उदाहरण तुमच्या शिक्षकांना वर्गात सांगता येईल.

यंत्रातला सराफ

पण नाण्याऐवजी कुणी त्याच आकाराची पत्र्याची चकती टाकली तर? जुन्या काळी नाशिकच्या सराफ बाजारात नाणे हातात आले की सराफ ते दगडावर खणकावून आवाज ऐकत असे, तराजूत टाकून वजन पाहत असे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. तेथे सहल नेलीत तर नाण्याची धातू, वजन आणि आकार यांवरून किती गोष्टी कळतात ते पाहायला मिळेल.

यंत्रालाही सराफाचे काम करावे लागते. अयोग्य व्यासाचे नाणे ठरावीक रुंदीच्या फटीतून जात नाही किंवा मधल्या झरोक्यातून बाहेर गळून पडते. कमी वजनाचे नाणे आतली छोटी तरफ हलवू शकत नाही. यानंतरची परीक्षा चुंबकाची. आपले स्टेनलेस पोलादाचे एक रुपयाचे नाणे लोहचुंबकाला चिकटते, हे घरी करून पाहा. तांब्याचे किंवा पितळेचे नाणे चिकटत नाही. पण घरंगळत चुंबकाजवळून जाताना त्याच्या अंगात प्रेरित विद्युत्प्रवाह निर्माण होऊन भोवऱ्यासारखे फिरतात. लेन्झच्या नियमाप्रमाणे हे प्रवाह नाण्याच्या गतीला विरोध करतात आणि नाणे थोडे मंदावते. किती मंदावेल हे धातूवर अवलंबून असते. त्यामुळे खरे नाणे उतारावरून निघून बरोबर पेटीत पडते, तर खोटे नाणे जास्त वेगाने किंवा कमी वेगाने जाऊन परतीच्या वाटेला लागते. आजच्या यंत्रांत चुंबकाच्या जागी तारेची वेटोळी असतात आणि नाण्यामुळे त्यांच्या विद्युतगुणांत झालेला बदल मोजला जातो. तत्त्व तेच.

म्हणजे पाहा, घेताना हे यंत्र किती चोख आहे! आता देताना ते काय करते ते पाहू.

तीन चक्रे आणि एक दांडा

१८९१ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथे सिटमन आणि पिट यांनी एक यंत्र बनवले. त्यात पाच नळकांडी होती आणि त्यांवर पत्त्यांची चित्रे. पाच पत्ते चांगले जुळले तर दुकानदार बक्षीस देई. पण पत्त्यांच्या जोडात ५२ पाने असतात आणि यंत्रात होती ५०. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम गाळलेले असत. एवढ्यानेच सर्वांत मोठा डाव जुळण्याची शक्यता घटत असे. खेळणाऱ्याला फिरत्या पानांत दोन पाने कमी आहेत हे कसे दिसणार?

याच दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे या मूळच्या जर्मन कारागिराने तीन चक्रांचे ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र तयार केले. प्रत्येक चक्रावर दहा जागा होत्या आणि त्यांत नाल, चौकट, इस्पिक, बदाम व घंटा अशी चित्रे. दांडा खाली ओढला की स्प्रिंग ताणली जाई, दांडा सोडताच तिन्ही चक्रांना झटका बसून ती फिरू लागत. मग घड्याळासारख्या एका यंत्रणेमुळे तीन अडसर एकामागून एक चक्रांच्या खाचांत पडत आणि चक्रे डावीकडून उजवीकडे थांबत. तिन्ही घंटा एका ओळीत आल्या की सर्वांत मोठे बक्षीस मिळे, ते म्हणजे पाच सेंटांची दहा नाणी. ती मोजायला माणूस लागत नसे. यंत्रच ती खालच्या खळग्यात ओतत असे.

दहा जागांची तीन चक्रे म्हणजे १० × १० × १० = १००० रचना. फिरणारी चक्रे, त्यांचे घर्षण, स्प्रिंगचा जोर या साऱ्या न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या गोष्टी. पण दांडा ओढण्यातल्या किंचित फरकाने चक्र एखादी जागा पुढे किंवा मागे थांबते आणि तो फरक आपल्या हाताला कळत नाही. फासा टाकतानाही नेमके हेच होते. नियम पक्के असूनही निकाल आधी सांगता येत नाही, अशा घटनेला आपण यादृच्छिक म्हणतो.

पुढे अमेरिकेत जुगारबंदीला बगल देण्यासाठी काही यंत्रे नाण्याबरोबर फळांच्या चवीचे च्युइंगगम देऊ लागली. तेव्हापासून चक्रांवर चेरी, लिंबू, संत्रे आली, ती आजतागायत टिकून आहेत. लोकांनी मात्र या दांडेवाल्या यंत्राला ‘एकहाती दरोडेखोर’ असे नाव ठेवले. हे नाव योग्य आहे का, ते आपणच पाहू.

आपले स्वतःचे यंत्र

साहित्य : सापशिडीचे तीन फासे, मूठभर चिंचोके, एक वही.

आपले यंत्र नाशिकचे असल्यामुळे चित्रेही इथलीच घेऊ. फाशावर १ पडला तर घंटा. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी. २ किंवा ३ पडला तर द्राक्षे. ४, ५ किंवा ६ पडला तर कांदा. तिन्ही फासे एकदम टाकायचे. दर फेरीला एक चिंचोका यंत्राला द्यायचा. तिन्ही चित्रे सारखी आली तरच बक्षीस : तीन कांद्यांना ४ चिंचोके, तीन द्राक्षांना ६ आणि तीन घंटांना तब्बल ३६!

आता कागदावर हिशेब मांडू. एकूण रचना ६ × ६ × ६ = २१६. अशी मांडणी मोजण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ११५० सालच्या ग्रंथातील ‘अंकपाश’ हे प्रकरण अंकांच्या अशाच मांडण्यांविषयी आहे. तीन घंटा येण्याचा मार्ग १ × १ × १ = १. तीन द्राक्षांचे मार्ग २ × २ × २ = ८. तीन कांद्यांचे मार्ग ३ × ३ × ३ = २७. एकूण ३६. म्हणजे २१६ फेऱ्यांत सरासरीने ३६ वेळा, अर्थात दर सहा फेऱ्यांत एकदा, काहीतरी लागते. वाईट नाही, नाही का?

पण बक्षिसांची बेरीज करा. घंटांचे १ × ३६ = ३६, द्राक्षांचे ८ × ६ = ४८, कांद्यांचे २७ × ४ = १०८. एकूण १९२ चिंचोके. यंत्राने घेतले २१६ आणि दिले १९२. याचे प्रमाण बरोबर ८/९ येते. नऊ चिंचोके घ्यायचे, आठ परत करायचे, एक ठेवून घ्यायचा. यंत्र हेच करते. कुणाला कधी आणि किती द्यायचे ते फासे ठरवतात; नवव्या चिंचोक्याचे मात्र आधीच ठरलेले असते, आणि ते बक्षिसांचा तक्ता लिहिणाऱ्याने ठरवलेले असते.

“नवांतला एकच जातो, मग एवढे नुकसान कसे?” असे माझ्या विद्यार्थ्यानेही विचारले. याचे उत्तर असे, की खेळणारा परत आलेले आठ खिशात घालून घरी जात नाही. ते पुन्हा लावतो. शंभर चिंचोके एकदा यंत्रातून फिरले की सरासरीने ८९ उरतात. ते पुन्हा फिरवले की ७९, मग ७०, ६२, ५५ आणि सहाव्या वेळी ४९. सहा वेढ्यांत निम्मे संपले! आता वेग पाहा. मिनिटाला दहा फेऱ्या म्हणजे तासाला सहाशे. दर फेरीला दहा रुपये लावले तर तासात सहा हजार रुपये यंत्रातून फिरतात आणि त्यांचा नववा भाग, म्हणजे सुमारे ६६७ रुपये, यंत्राकडे राहतो. खिशात मुळात सातशेच असले तरी चालते, कारण तेच ते पैसे पुन्हापुन्हा फिरत असतात.

‘आता लागायलाच हवे’

आता त्या मूळ चुकीकडे वळू. दहा फेऱ्या रिकाम्या गेल्या तर अकराव्या फेरीत लागण्याची शक्यता वाढते का? लागोपाठ दहा फेऱ्या रिकाम्या जाण्याची शक्यता (५/६) चा दहावा घात, म्हणजे सुमारे १६ टक्के. हे विरळ खरे. पण दहा फेऱ्या संपल्या त्या क्षणी ती गोष्ट घडून गेलेली आहे. अकराव्या वेळी हातात तेच तीन फासे आहेत. मागे काय पडले हे लक्षात ठेवायला फाशाला मेंदू नाही, वही तर नाहीच. वही होती माझ्या विद्यार्थ्याकडे!

मी त्याला माझे म्हणणे पटवत बसलो नाही. तीन फासे दिले आणि त्याच वहीत पाचशे फेऱ्यांची नोंद करून आणायला सांगितले. दोन दिवसांनी तो आला. ६१ वेळा कांदे, १९ वेळा द्राक्षे आणि २ वेळा घंटा. ५०० चिंचोके दिले, ४३० परत आले. मग आम्ही लाल पेन्सिल घेऊन बसलो. ज्या ज्या ठिकाणी लागोपाठ पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या होत्या, त्यानंतरच्या प्रत्येक फेरीवर खूण केली. अशा १९४ जागा निघाल्या. ‘आता लागायलाच हवे’ हा सिद्धांत खरा असता तर तिथे बक्षिसांची दाटी दिसली असती. प्रत्यक्षात ३१ वेळा काही लागले होते. १९४ भागिले ३१ करा. उत्तर सहाच्या जवळपासच येते. तो बराच वेळ त्या लाल खुणांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे सर, यंत्राला मी किती हरलो ते माहीतच नाही.”

चक्र राहिले, अधिकार गेला

फेच्या यंत्रात निकाल चक्रे ठरवीत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॅली कंपनीने चक्रे फिरवण्याचे व नाणी देण्याचे काम विजेवर सोपवले. १९७६ मध्ये तर चक्रांऐवजी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्रे दाखवणारे यंत्र आले. आज निकाल ठरवते ती संगणकाची चकती. चक्रे केवळ तो निकाल दाखवतात.

संगणक यादृच्छिक आकडा आणतो कुठून? एक छोटे सूत्र घ्या. कोणत्याही आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी घ्या. ही बाकी म्हणजे पुढचा आकडा. १ पासून सुरुवात केली तर क्रम असा येतो : १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६ आणि पुन्हा १. सूत्र ठाऊक नसलेल्याला हे आकडे चिठ्ठ्या उचलल्यासारखे वाटतील. प्रत्यक्षात यंत्रात फार मोठ्या संख्यांचे, पुष्कळ गुंतागुंतीचे सूत्र असते आणि कुणी खेळत नसतानाही ते सतत पुढचे आकडे काढत असते. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी जो आकडा हाती लागतो, त्यावरून निकाल ठरतो. पडद्यावर चक्रे फिरू लागतात तेव्हा निकाल लागून गेलेला असतो! चक्राचे हळूहळू थांबणे, तिसऱ्या घंटेने डोकावणे हे सारे नाटक असते.

दिसते तसे नसते

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असे आपण म्हणतो. जुगारयंत्राला ही म्हण अक्षरशः लागू पडली ती १९८४ साली. इंगे टेलनेस या अभियंत्याला त्या वर्षी अमेरिकेत एका कल्पनेचे पेटंट मिळाले. समजा, चक्रावर २२ जागा आहेत आणि घंटा एकाच जागी आहे. तीन चक्रांवर तिन्ही घंटा येण्याची शक्यता २२ × २२ × २२ = १०,६४८ रचनांत एक. एवढ्या फेऱ्यांत एकदाच मोठे बक्षीस द्यायचे, तर बक्षीस फार मोठे ठेवता येत नाही. टेलनेसने सुचवले की संगणकाच्या स्मृतीत दुसरे, काल्पनिक चक्र ठेवावे आणि त्याला ६४ किंवा त्याहून अधिक जागा असाव्यात. घंटेच्या वाट्याला त्यांतली एकच जागा द्यायची आणि बाकीच्या जागा कोऱ्या व कमी किमतीच्या चित्रांत वाटून टाकायच्या. आता ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४ रचनांत एकदा घंटा जुळतील. खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र २२ जागांचेच चक्र फिरत राहते. जणू फाशाच्या सहा बाजू दिसतात, पण आत एका बाजूला शिसे भरलेले आहे.

त्यातच आणखी एक खुबी करता येते. घंटेच्या लगतच्या कोऱ्या जागांना काल्पनिक चक्रावर जास्त वाटा द्यायचा. मग घंटा पुन्हापुन्हा रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली येऊन थांबते आणि ‘थोडक्यात हुकले!’ असे वाटत राहते.

हुकण्याची ही गंमत आपल्या प्रामाणिक फाशांतही आहे. नेमक्या दोन घंटा आणि तिसरे काहीतरी दुसरे, असे किती मार्ग? हुकणारा फासा तीनांपैकी कोणताही असू शकतो आणि त्यावर पाच आकडे पडू शकतात; म्हणजे ३ × ५ = १५. एकदा तीन घंटा येतात तोवर पंधरा वेळा ‘थोडक्यात हुकते’. परीक्षेत एका गुणाने हुकलेला विद्यार्थी पुढच्या वेळी खरोखर जवळ आलेला असतो, कारण त्याने काही शिकलेले असते. फाशाने हुकलेला मात्र जवळही आलेला नसतो आणि लांबही गेलेला नसतो.

मन का गुंतते?

मग एवढे हरूनही माणूस का उठत नाही? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. कळ चोचीने दाबली की दाणा मिळे. काही कबुतरांना ठरावीक टोचांनंतर दाणा दिला, तर काहींना अनियमितपणे; कधी दुसऱ्या टोचेला, कधी पन्नासाव्या. अनियमित दाणा मिळणारे कबूतर न थांबता टोचत राहिले आणि दाणे बंद केल्यावरही खूप वेळ टोचत राहिले. जुगारयंत्र हेच करते, असे स्किनर यांनीच दाखवून दिले होते. म्हणून या सवयीत अडकलेल्याला मूर्ख म्हणू नका. आपल्याकडे ऋग्वेदातील अक्षसूक्तातही घरदार गमावलेल्या, तरी फाशांकडे ओढल्या जाणाऱ्या जुगाऱ्याची व्यथा आहे. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचे असत; मन मात्र हेच होते.

हे ओळखूनच समाजाने कायदे केले. आपल्याकडे जुगारास मनाई करणारा मुंबईचा कायदा १८८७ सालचा आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवाने देण्यासाठी एक कायदा संमत केला होता. पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्यात मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रे ठेवायला वाट मिळाली. मोबाइलने ही हद्द पुसून टाकली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. पण कायदा चोरवाटा बुजवू शकतो, डोक्यातला ‘आता लागायलाच हवे’ हा विचार नाही. ते काम आपले, म्हणजे शिक्षकांचे आणि गणिताचे.

कांदा आणि घंटा

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी मला एक बिनतोड वाटणारा प्रश्न विचारला. “सर, आमचा कांदासुद्धा जुगारच की! लासलगावला भाव काय निघेल ते कुणाला ठाऊक असतं?”

प्रश्न खरा होता, म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. मी त्याला विचारले, “तुझे वडील भाव पडला तर काय करतात?” तो म्हणाला, “चाळीत भरतात. थांबतात. पुढच्या वर्षी थोडा कमी लावतात, द्राक्षाचं बघतात.” मी म्हणालो, “बघ. कांद्यात धोका आहे, आणि तो फार मोठा आहे. पण वडिलांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीने त्यात फरक पडतो. बियाणं, पाणी, चाळ, अनुभव. भाव पडला तरी कांदा पिकलेला असतो, कुणाच्या तरी ताटात जातो. यंत्रापुढे तू हुशार असलास काय आणि नसलास काय, नवातला एक जाणारच. पिकतही काही नाही.”

“मग गेलेल्या पैशांचं काय?” त्याने विचारले.

“ते गेले,” मी म्हणालो. “ते परत आणायला जाणं म्हणजे पुढची फेरी.” हे उत्तर त्याला आवडले नाही, मलाही देताना बरे वाटले नव्हते. पण त्या शनिवारी तो गावी गेला आणि त्याने वडिलांना स्वतःहून सारे सांगितले. बरोबर वही नेली होती. वडिलांनी आधी रागावून घेतले आणि मग लाल खुणांचा अर्थ विचारला, असे तो म्हणाला. त्या वहीची उरलेली पाने त्याने पुढे प्रयोगशाळेच्या कच्च्या नोंदींसाठी वापरली.

वर्गात करून पाहा

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या तीन-फासे यंत्रावर शंभर फेऱ्या कराव्यात आणि दिलेले व मिळालेले चिंचोके लिहावेत. चिंचोक्यांखेरीज दुसरे काही लावू नये, पैज म्हणून गोळी-चॉकलेटही नको. काही जण जिंकून उठतील आणि आपला हात चांगला आहे असे सांगतील. त्यांना सांगू द्या. मग फळ्यावर साऱ्या वर्गाची बेरीज करा. चार हजार चिंचोके गेले असतील आणि सरासरीप्रमाणे सुमारे साडेचारशे कमी परत आले असतील. शे-दोनशेचा फरक पडू शकेल, पण यंत्र तोट्यात गेलेले तुम्हांला सहसा दिसणार नाही. जिंकणाऱ्यांच्या गोष्टी सगळे सांगतात. बेरीज मात्र कुणीतरी मुद्दाम करावी लागते.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. तीन घंटांचे बक्षीस ३६ ऐवजी किती ठेवले तर यंत्र जितके घेईल तितकेच परत देईल? उत्तर काढा आणि मग स्वतःला विचारा, की असे यंत्र कुणी कॅसिनोत का ठेवत नाही?